खाडीतल्या चिखलाची मोजदाद कोण करणार?

(ठाण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

एखाद्या परिसरात जीवांच्या जाती जितक्या जास्त, तितका तो परिसर धक्के पचवणारा, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी १९५८ साली हेच मांडलं, तेही डोळ्यांनी पाहून. एकच पीक असलेल्या शेतावर कीड तुटून पडते, उष्ण प्रदेशातल्या दाट जंगलात तसं सहसा घडत नाही.

मग १९७२ साली रॉबर्ट मे यांचा जेमतेम दोन पानांचा लेख ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. मे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी एक कोष्टक मांडलं. जाती ५० असतील तर ५० ओळी आणि ५० रकाने. प्रत्येक घरात एक आकडा: ही जात थोडी वाढली तर त्या जातीवर किती परिणाम होतो. काही घरं रिकामी, कारण सगळ्यांचा सगळ्यांशी संबंध नसतो. भरलेल्या घरांत त्यांनी कुठलेही आकडे टाकले, अगदी चिठ्ठ्या काढाव्यात तसे. प्रत्येक जात स्वतःच्या वाढीला स्वतःच आवर घालते, एवढंच गृहीत धरलं. आणि विचारलं, या साऱ्याला हलकासा धक्का दिला तर गाडी पुन्हा रुळावर येईल का?

उत्तर एका ओळीचं आहे आणि इथल्या दहावीच्या मुलांनाही ते करून पाहता येईल. जातींची संख्या घ्या, तिला भरलेल्या घरांच्या प्रमाणानं गुणा, वर्गमूळ काढा, त्याला परिणामांच्या साधारण ताकदीनं गुणा. येणारा आकडा एकाच्या आत हवा. ५० जाती आणि पाचातलं एक घर भरलेलं, तर वर्गमूळ ३.१६ येतं, म्हणजे ताकद साधारण ०.३१ पर्यंतच चालेल. जाती २०० करा, ती मर्यादा निम्म्यावर, ०.१५ च्या आसपास येते. म्हणजे जाती वाढल्या की त्यांच्या नात्यांचं जाळं बळकट होत नाही, उलट डळमळतं!

हा लेख मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यानं एल्टन यांना खोटं पाडलं म्हणून नव्हे. जंगलं, प्रवाळ, खाड्या डोळ्यांसमोर टिकून आहेत, तर त्यांची घरं चिठ्ठ्या काढून भरलेली नसणार, एवढं त्यातून निघालं. मग ती कशी भरली आहेत, हा प्रश्न खुला झाला आणि पुढची पन्नास वर्षं लोक त्याच्यामागे आहेत. २००३ मध्ये बास्कॉम्प्टे, जॉर्डानो आणि सहकाऱ्यांनी फुलं आणि परागवाहक यांच्या जाळ्यांत एक घडण दाखवली: एखाद-दुसऱ्या फुलावरच जाणारे कीटक बहुधा त्याच फुलांवर जातात, जिथे सगळेच जातात. २०१२ मध्ये अ‍ॅलेसिना आणि टँग यांनी दाखवलं की भक्ष्य-भक्षक नात्यांचं जाळं मे यांच्या जाळ्यापेक्षा जास्त तग धरतं. पण मी थांबणार आहे ते १९९८ च्या कामापाशी. मॅककॅन, हेस्टिंग्ज आणि हक्सेल यांनी गणितानं दाखवलं की जाळं सावरून धरतात ती बहुतेकदा क्षीण नाती. शिकारी मुख्यतः एका भक्ष्यावर जगतो, अधूनमधून दुसरं खातो. ते अधूनमधूनचं खाणंच पहिल्या भक्ष्यावरचा ताण कमी करतं आणि संख्यांचे मोठे हेलकावे आवरतं.

आता अडचण लक्षात घ्या. ठळक नातं कुणालाही दिसतं. क्षीण नातं वर्षानुवर्षं मोजल्याशिवाय हाती लागत नाही.

आपल्या खाडीकडे येऊ. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं. ऐरोली आणि वाशीच्या पुलांदरम्यान हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत लोक दुर्बिणी घेऊन येतात. सांडपाण्यामुळे शेवाळ माजलं, त्यावर छोटे फ्लेमिंगो जगतात, म्हणून ते वाढले, असं सांगितलं जातं. कोळीवाड्यात विचाराल तर ऐकू येतं की बोईट, कोळंबी, चिंबोरी पूर्वीसारखी मिळत नाही. दोन्ही टोकं दिसतात. मधलं सगळं चिखलात आहे: डायटम ही सूक्ष्म शैवालं, निळं-हिरवं शेवाळ, कृमी, शिंपल्या, निवट्या, त्यांना खाणारे चिखलपायटे पक्षी.

हे मोजायचं कसं? ओहोटी धरून चिखलात उतरायचं, गुडघा नाही तर मांडीपर्यंत. धातूची चौकट चिखलावर ठेवायची, तिच्यातला ठरावीक खोलीचा गाळ काढायचा आणि अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा. चाळणीवर राहील त्यावर फॉर्मेलिन आणि रोझ बेंगाल हा रंग घालायचा. जिवंत पेशी असलेलं सगळं गर्द गुलाबी होतं, कचरा तसाच राहतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्यानं एकेक कृमी वेगळा करायचा, त्याच्या बाजूच्या केसांवरून जात ओळखायची, नोंद करायची. एका चौकटीला पूर्ण दिवस जाऊ शकतो. हे उधाणाच्या दिवसांत, भांगाच्या दिवसांत, पावसाआधी, पावसानंतर, आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच जागी. एवढं केल्यावर मे यांच्या कोष्टकातली चार-दोन घरं खऱ्या आकड्यांनी भरतात.

मी गणित शिकवते. मला ते कोष्टक संगणकावर क्षणात भरता येतं. माझ्यासारख्यांनी कितीही लेख लिहिले तरी चिखलात उतरणारा माणूस नसेल तर खाडीबद्दल आम्हाला काहीही कळत नाही, हे मी पूर्ण जबाबदारीनं सांगते.

परिसंस्थांचे अभ्यासक रॉबर्ट पेन यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, माका उपसागरात, खडकांवरचे तारामासे काढून टाकायला १९६३ साली सुरुवात केली. पहारीनं उपटायचे, समुद्रात लांब फेकायचे, पुन्हा आले की पुन्हा फेकायचे. १९६६ च्या लेखात त्यांनी लिहिलं की तिथल्या १५ जातींच्या आठ उरल्या. शिंपल्यांनी खडक व्यापला, बाकीच्यांना जागाच राहिली नाही. एक प्राणी काढल्यावर काय कोसळतं, हे असं समजलं.

आपल्याकडे तर असा प्रयोग न ठरवता झाला. गुरांना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलं जाऊ लागलं, मेलेली गुरं खाल्लेली गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मेली. पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली. कारण २००४ साली उघड झालं, २००६ साली पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. गिधाडं गेल्यावर मढी कुजत पडली, भटकी कुत्री वाढली, पाण्यात घाण गेली. फ्रँक आणि सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये अंदाज मांडला की २००० ते २००५ या काळात यामुळे सुमारे पाच लाख जादा माणसं दगावली. गिधाड आणि कुत्रा एकमेकांना खात नाहीत. कुठल्याही साध्या अन्नजाळ्याच्या चित्रात त्यांच्यामध्ये रेघ काढली नसती. आणि गिधाडं घटताहेत हे कळलं ते कशामुळे? राजस्थानातल्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात लोक वर्षानुवर्षं ती मोजत होते म्हणून.

आता मला विचारायचंय, आज असं मोजणारा माणूस आपल्या महाविद्यालयांत कुठे बसवायचा?

महाराष्ट्रात कितीतरी तरुण प्राध्यापक तासिका तत्त्वावर काम करतात. वर्ष संपलं की नेमणूक संपली. पुढच्या वर्षी ते त्याच गावात असतील याची खात्री नाही, मग त्याच चौकटीत गाळ कोण काढणार? जे कायम आहेत त्यांच्या मागे परीक्षा, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकचे अहवाल, प्रवेश. २०१० पासून पदोन्नती गुणांकावर आली, लेखाला ठरावीक गुण. लेख दहा वर्षांच्या निरीक्षणावरचा असो की पंधरा दिवसांच्या जुळवाजुळवीचा, गुण नियतकालिक पाहून मिळतात. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं यातूनच फोफावली. ती रोखायला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली, २०२५ मध्ये तीही बंद झाली. पीएच.डी. साठी लेख छापलाच पाहिजे ही अट अनुदान आयोगानं २०२२ मध्ये काढली, ते चांगलं झालं. पण नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न अजूनही ‘किती लेख’ हाच असतो.

भौतिकशास्त्रज्ञ पीटर हिग्ज यांना २०१३ साली नोबेल मिळालं, त्या सुमारास ते म्हणाले होते की आजच्या विद्यापीठात मला नोकरीच मिळाली नसती, मी पुरेसा उत्पादक ठरलो नसतो. त्यांचं काम १९६४ चं. ते कागद-पेन्सिलीवर काम करणारे होते, तरी ही स्थिती. चिखलात उभ्या माणसाचं काय?

संशोधन प्रकल्प तीन वर्षांचे असतात. पहिल्या वर्षी मंजुरी, खरेदी, वनखात्याची परवानगी यात पावसाळा निघून जातो. उरतात दोन. दोन पावसाळ्यांत कुठलंही क्षीण नातं मोजता येत नाही. म्हणून हुशार विद्यार्थी माझ्या बाजूला येतात. संगणकावरचं प्रतिमान (मॉडेल) सहा महिन्यांत होतं, लेख होतो, गुण मिळतात. त्यांना मी दोष कसा देऊ? घरी हप्ते असतात, लग्नं व्हायची असतात. पण प्रतिमानं वाढत जातात आणि ज्यावर ती उभी करायची ते आकडे जुनेच राहतात. गणित आणि मोजणी या जोडीतला एक पाय असा सुकत चालला आहे याचं मला खरोखर दुःख आहे.

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ २०२५ पासून सुरू झालं, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटींची तरतूद आहे. सरकारी महाविद्यालयातल्या मुलाला परदेशी नियतकालिक वाचता येईल, हे मोठंच काम. त्या रकमेचा लहानसा भाग दीर्घ नोंदींसाठी, तंत्रज्ञांच्या कायम पदांसाठी निघाला तर? इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती-संशोधन केंद्रात एका कुरणावर १८५६ पासून मोजणी चालू आहे. आपल्याला दीडशे वर्षं नकोत, वीस द्या.

आणि शासनाची वाट पाहण्याआधी एक गोष्ट आपल्याच हातात आहे. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक महापालिकेची, ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. या कल्पनेमागे परिसंस्थांचे अभ्यासक माधव गाडगीळांचं काम आहे. ते स्वतः गणितही करत आणि रानातही हिंडत. पण या नोंदवह्यांत मुख्यतः याद्या असतात. त्यात एक रकाना वाढवता येईल: कोण कोणाला खातं, कोण कोणाच्या फुलावर जातं, कधी. ऐरोली, दिवा, सारसोळे इथल्या कोळी-आगरी मंडळींना यातलं पुष्कळ माहीत आहे. कुठल्या महिन्यात जिताड्याच्या पोटात काय सापडतं, हे मासळी साफ करणाऱ्या बाईंना जितकं ठाऊक असतं तितकं माझ्या कोष्टकाला नाही. माहिती सांगणाऱ्याचं नाव त्याच पानावर लिहावं, आणि पुढे त्यावर लेख निघाला तर त्यातही ते यावं. इथे बसलेल्यांपैकी ज्यांना नव्या ओहोटीपासून हे सुरू करायचंय त्यांनी नंतर मला भेटावं. चौकट, चाळणी आणि सूक्ष्मदर्शकाची सोय मी महाविद्यालयातून करते.

आता प्रश्न घेऊ.