तरुणांना युनियनमध्ये जागा हवी, खुर्च्या मांडायला नव्हे

श्रोतेहो, नमस्कार.

२२ नोव्हेंबर १९०९. न्यूयॉर्कमधल्या कूपर युनियन नावाच्या महाविद्यालयाचं सभागृह शिवणकाम करणाऱ्या कामगारांनी खच्चून भरलं होतं, त्यात बहुतेक तरुण मुली. पुढारी एकामागून एक उठून सबुरीचा सल्ला देत होते. दोन तास उलटले, पण संप करायचा की नाही, हे कोणी सांगेना. तेव्हा २३ वर्षांच्या क्लारा लेमलिकनं बोलायला वेळ मागितला आणि यिडिश या पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या आपल्या भाषेत सरळ सार्वत्रिक संपाचा ठराव मांडला. दुसऱ्या दिवसापासून कामगार बाहेर पडू लागले. थोड्याच दिवसांत आकडा २०,००० वर गेला आणि पुढे बहुतेक कारखानदारांना करारावर सह्या कराव्या लागल्या.

हा प्रसंग आठवला की मला आमच्या युनियनची एक सभा आठवते. मी तेव्हा व्यासपीठावर होतो. अहवालवाचन संपत आलं होतं, तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. कंत्राटी कामगार, नोकरीला वर्षही झालं नव्हतं. तिनं मोबाइल वर धरला. म्हणाली, "या अ‍ॅपमध्ये माझं रेटिंग घसरलं आणि पुढच्या आठवड्याच्या चार पाळ्या गेल्या. साहेब म्हणतात, सिस्टीमनं केलं. मग मी दाद कोणाकडे मागू?" आम्ही तिला सांगितलं, हा मुद्दा विषयपत्रिकेवर नाही. ती खाली बसली. पुढच्या सभेला आली नाही. ते उत्तर देणाऱ्यांत मीही होतो, आणि ते मला अजून सलतं.

तरुणांना युनियनचं काही पडलेलं नाही, असं सर्रास म्हटलं जातं. अमेरिकेत २०२३ साली कामगारांपैकी सुमारे १० टक्के युनियनचे सभासद होते, तर १६ ते २४ वयोगटात साडेचार टक्केसुद्धा नव्हते. पण जरा त्यांच्या बाजूनं बघा. तीन-तीन महिन्यांची कंत्राटं. मालक कोण, तेच धड माहीत नाही. द्वारसभा घ्यावी तर अनेकांच्या कामाला दारच नाही, सगळं काम फोनवर येतं. आणि आमच्या सभा? नेमक्या त्यांच्या पाळीच्या वेळेला.

यावर आम्ही काढलेला तोडगा म्हणजे युवा आघाडी. त्यांनी पोस्टर चिकटवायची, खुर्च्या मांडायच्या, फेसबुकचं पान सांभाळायचं. मागणीपत्र लिहिताना आणि वाटाघाटींना बसताना मात्र तीच जुनी मंडळी. याला मी सहभाग म्हणत नाही.

जर्मनीत कामगार मंडळाच्या, म्हणजे कंपनीतल्या कामगारांनी निवडलेल्या समितीच्या, जोडीनं तरुण आणि शिकाऊ कामगार दर दोन वर्षांनी आपले प्रतिनिधी स्वतः निवडतात. असे किमान पाच कामगार असले की कायद्यानं तो हक्क मिळतो. मुख्यतः त्यांच्याशी संबंधित प्रश्नांवर या प्रतिनिधींना कामगार मंडळात मतही देता येतं. मला त्यातली मताची गोष्ट महत्त्वाची वाटते.

एप्रिल २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर अ‍ॅमेझॉनच्या गोदामातल्या कामगारांनी युनियनसाठीचं मतदान जिंकलं, २,६५४ विरुद्ध २,१३१. कामगारांनी स्वतः उभी केलेली नवीकोरी संघटना होती ती. बसथांब्यावर उभं राहून पाळी सुटल्यावर एकेकाशी बोलायचं आणि टिकटॉकवरही पोचायचं, अशी त्यांची रीत. मात्र करार हाती लागेना. २०२४ साली ती संघटना १९०३ पासून चालत आलेल्या टीमस्टर्स या ट्रकचालक वगैरेंच्या मोठ्या युनियनशी जोडली गेली. जुन्यांकडे कराराचे बारकावे असतात, कायदा असतो, संपात लागणारा निधी असतो. ते तरुणांना हवंच आहे. पण आधी अनुभव घ्या, मग बघू, असं म्हणत त्यांना दहा वर्षं दारात उभं केलं, तर ते शिकणार कुठे?

ती मुलगी आम्हाला पुन्हा भेटली. आम्ही होऊन गेलो तिच्याकडे, तिच्या सुटीच्या दिवशी. ती सहज तयार झाली नाही. वाटाघाटींना मी स्वतः बसणार असेन तरच येते, म्हणाली. आम्ही हो म्हटलं. आता मागणीपत्राचं पहिलं कलम तिनं लिहिलेलं आहे: पाळी कापण्याआधी कारण लेखी द्यावं, आणि त्यावर दाद ऐकायला समोर माणूस असावा.

पुढच्या बैठकीत त्या कलमावर ती बोलणार आहे. मी तिच्या शेजारी बसेन, जुन्या करारांची फाइल घेऊन.