ट्रंकेतली पत्रं

(काळी लोखंडी ट्रंक. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि अर्धवट पुसलेलं नाव.)

सुभेदारांच्या माघारी ही ट्रंक पहिल्यांदा उघडते आहे ती त्यांची नात. वर डांबरगोळ्यांच्या वासाचा हिरवा स्वेटर. खाली पदकांची डबी, त्यात 1971 च्या युद्धातली ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम’ ही पदकं. अगदी तळाला, सुतळीने बांधलेले निळ्या आंतर्देशीय पत्रांचे गठ्ठे.

(फोंड्याचा रस्ता, पहाटेचं धुकं.)

डिसेंबर 1961. दुसरी पॅरा बटालियन, म्हणजे मराठ्यांची पलटण, फोंड्याकडे निघाली होती. रस्त्याच्या कडेला पंधरा वर्षांचा एक पोर उभा. पाकल्यांचे, म्हणजे पोर्तुगीजांचे, शिपाई त्याने लहानपणापासून पाहिले होते. पण खांद्यावर बंदूक असलेला माणूस मराठीत पाणी मागतो, हे त्याने त्या दिवशी प्रथमच ऐकलं. 19 डिसेंबरला गोवा मुक्त झाला. मिसरूड फुटताच हा पोर बेळगावला, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात, भरतीच्या रांगेत उभा राहिला.

(पत्रं एकेक करून उलगडताना.)

घरात बोलणं कोंकणीतून, लिहिणं मराठीतून. गोव्यातल्या कितीतरी घरांसारखंच. वर ‘श्री’, मग सप्रेम नमस्कार, वि. वि. पत्ता कायम ‘द्वारा 56 ए.पी.ओ.’, लष्कराचं टपाल कार्यालय. म्हणजे माणूस नेमका कुठे आहे ते घरच्यांना कळायचं नाही, पण त्याला मात्र घरातलं सगळं ठाऊक हवं असायचं. पाट उपसला का? सुपारी उतरवली का? मिरीचे वेल पोफळींवर नीट चढले का? शेकडो कोसांवरून हा माणूस आपलं कुळागर पत्रांनी सांभाळत होता.

पत्र आलं की शेजारचा शाळकरी मुलगा सोप्यावर बसून मोठ्याने वाचायचा. पत्नी दाराआड उभी राहून ऐकायची. तिला वाचता येत नव्हतं. मुलगा वाचणार, सासू-सासरे ऐकणार, म्हणून तिच्यासाठी वेगळी ओळ कधी लिहिलीच जायची नाही. शेवटी तिनेच थोरल्या लेकीचं पहिलीचं पुस्तक हाती घेतलं. रात्री, चुलीपुढे, राखेत बोटाने अक्षरं गिरवत ती शिकली. त्यानंतरची पत्रं बघा. अक्षर तेच, पण समासातसुद्धा जागा उरलेली नाही.

(जुना फोटो: गणवेशातला तरुण.)

डिसेंबर 1971 मध्ये पत्रं थांबली. सुभेदारांची पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, तेव्हा पूर्व बंगालात ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरला वेढा घालून बसली होती. शरण या, अशी चिठ्ठी शत्रूला पाठवली, तर उत्तरात बंदुकीची गोळी गुंडाळून आली. ही गोष्ट सुभेदार नातवंडांना रंगवून सांगायचे. 11 डिसेंबरला जमालपूर पडलं. त्याच दिवशी टांगाईलजवळ छत्रीधारी सैनिक उतरले आणि पुढे जंगी पलटण त्यांना जाऊन मिळाली. ते छत्रीधारी कोण? दुसरी पॅरा! फोंड्याच्या रस्त्यावर पोरवयात पाहिलेली तीच पलटण. आम्हाला वाटतं, आयुष्यातला हा एकच योग सुभेदारांनी खरा मानला.

गुडघ्यात राहिलेला छर्रा आणि उणावलेला एक कान घेऊन ते निवृत्त झाले. पुढे तीस वर्षं कुळागर केलं.

(बंद शाळा. दाराला कुलूप, अंगणात ध्वजस्तंभ.)

ही त्यांची मराठी शाळा. पत्रं लिहिणारा हात इथेच वळला आणि लेकीचं पहिलीचं पुस्तकही इथूनच घरी आलं. दर 19 डिसेंबरला ध्वज सुभेदारच चढवायचे, इस्त्रीच्या गणवेशात, गुडघा दुखत असला तरी ताठ उभे राहून. पटसंख्या घटली आणि शाळा बंद झाली. कुलूप आजही तसंच आहे. ते निघावं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

(नातीचे हात, शेवटचा गठ्ठा.)

या गठ्ठ्यात एक पत्र मात्र त्यांचं नाही. घड्यांवर फाटलेलं, मागून चिकटपट्टी लावून जपलेलं. अक्षर मोठं, वाकडंतिकडं. आजीने स्वतः लिहिलेलं पहिलं पत्र. नात ते वाचते आहे:

‘पाऊस चांगला आहे. गाय व्याली. हे मी लिहिले आहे, दुसऱ्या कोणी नाही.’