बारा वर्षांनी बदललेले गवताचे उत्तर

नमस्कार. दुष्काळ, आग, जमिनीत साचणारे जादा नत्र आणि हवेतला वाढता कार्बन डायऑक्साइड यांना झाडी आणि माळराने कसे तोंड देतात, हे समजून घ्यायला किती वर्षे पाहत राहावे लागते, याविषयी आज बोलायचे आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक नावाचे संशोधन क्षेत्र आहे. तिथे उंच गवताची माळराने, पानगळीची झाडी आणि उत्तरेकडील सूचिपर्णी वने एकमेकांना भिडतात.

तिथल्या ओकच्या विरळ झाडीचे काही पट्टे १९६४ पासून ठरवून जाळले जातात, तर काहींना आग लागू दिली जात नाही. जळणारे पट्टे मोकळे राहिले आणि न जळणाऱ्या पट्ट्यांत गवत मागे हटून दाट रान माजले.

गवताच्या वाफ्यांना १९८२ पासून वेगवेगळ्या मात्रेत नत्र दिले गेले. उन्हाळा सरताना वाफ्यातली एक अरुंद पट्टी कापायची, कापलेल्या गवताची काडीन्‌काडी प्रजातीनुसार वेगळी करायची, वाळवायची आणि तोलायची, असे हे किचकट काम. पण सगळे निष्कर्ष त्यावरच उभे आहेत. १९८८ च्या तीव्र दुष्काळात, जादा नत्रामुळे मोजक्याच प्रजाती उरलेल्या वाफ्यांचे उत्पादन आठव्या हिश्श्यावर आले, तर प्रजातींनी समृद्ध वाफ्यांनी जवळपास निम्मे उत्पादन टिकवले. ज्या वाफ्यांना भरपूर नत्र मिळाले होते, त्यांचे खत दहा वर्षांनी बंद केल्यावरही पुढच्या दोन दशकांत तिथल्या हरवलेल्या प्रजाती पुरेशा परतल्या नाहीत. ही हानी इतकी चिवट असते, हे मला फार गंभीर वाटते.

सर्वांत विलक्षण निकाल मात्र कार्बन डायऑक्साइडच्या प्रयोगाचा आहे. गहू आणि भात ज्या पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करतात तिला सी-३ म्हणतात. ज्वारी, मका आणि ऊस यांची पद्धत सी-४. हा वायू वाढला की फायदा सी-३ गवतांना होणार आणि सी-४ गवतांना फारसा नाही, असे पाठ्यपुस्तके सांगतात. उघड्या माळावर नळ्यांच्या वर्तुळांतून जादा वायू सोडून १९९८ पासून हेच तपासले गेले आणि पहिली बारा वर्षे पुस्तकातले उत्तर तंतोतंत खरे ठरले. पुढच्या आठ वर्षांत ते उलटले: सी-४ गवते जोमाने वाढू लागली आणि सी-३ गवतांचा लाभ ओसरला. सी-३ च्या वाफ्यांत मातीतून मोकळे होणारे नत्र कालांतराने घटले, सी-४ च्या वाफ्यांत वाढले, हे त्यामागचे एक कारण संशोधकांना दिसले. बाराव्या वर्षी प्रयोग आवरता घेतला असता, तर आपण चुकीचे उत्तर निःशंकपणे शिकवत राहिलो असतो. माळराने पुढे किती कार्बन शोषतील याचे जे अंदाज सी-३ आणि सी-४ मधील या फरकावर बेतलेले आहेत, ते आता पुन्हा तपासावे लागतील.