पटावरचं पालखेड

(दृश्य: सोसायटीच्या अंगणातला दिवाळीचा किल्ला. उगवलेले अळीव. बुरुजांवर मातीचे मावळे.)

दगडविटांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेलं पोतं, वर लाल माती आणि मातीत अळीव. माथ्यावर महाराज, बुरुजांवर मावळे, दरवाजाशी तोफ. दिवाळीच्या सुट्टीत हे केलं नाही असं मूल आमच्या आळीत नव्हतं. माझ्याकडे सत्तावीस मावळे होते. पाडवा, भाऊबीज होईपर्यंत ते एका जागी उभे असायचे.

एका वर्षी शेजारच्या वाड्यातल्या मित्राला मी विचारलं, “तुझे मावळे माझ्या किल्ल्यावर चालून आले, तर एका दिवसात कुठवर पोचतील?” उत्तर दोघांनाही येत नव्हतं. मग अंगणात खडूनं रेघा मारल्या. एक वीत म्हणजे एका दिवसाची मजल. मध्ये बादलीभर पाणी ओतलं, ती नदी. नदी ओलांडायला एक दिवस जास्त. त्या संध्याकाळी मावळे पहिल्यांदा हलले.

आम्ही जे करत होतो त्याला वॉरगेमिंग म्हणतात, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. आज आमच्या मंडळींत त्याला नुसतं ‘पट मांडणं’ म्हणतात.

(दृश्य: पुण्यातला एक हॉल. सोफे भिंतीला लावलेले. जमिनीवर मोठा नकाशा.)

हा आमचा पट. अडीच लाखास एक या प्रमाणातल्या नकाशांचे तुकडे जोडून केलेला, म्हणजे एक किलोमीटरला चार मिलिमीटर. खाली पुणे, वर बुऱ्हाणपूर, डावीकडे भडोच, उजवीकडे जालना. दीड मीटर लांब आणि जवळपास तितकाच रुंद. रेल्वे आणि हमरस्ते पांढऱ्या कागदानं झाकलेत. पैठणचा नाथसागरही झाकलाय. १७२७ साली तिथं गोदावरी नदीसारखी वाहत होती.

साल तेच आहे, १७२७. मोहीम पालखेडची. दख्खनच्या चौथाई आणि सरदेशमुखीचा पैसा निजाम-उल-मुल्कनं अडवला आहे. त्याचं म्हणणं असं, की साताऱ्याचे शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी यांच्यात खरा हक्कदार कोण ते आधी ठरू दे. पेशवा बाजीराव सत्तावीस वर्षांचा. निजामाचं वय त्याच्या दुपटीहून जास्त, औरंगजेबाच्या फौजेत मुरलेला, तीनच वर्षांपूर्वी साखरखेर्ड्याला मोगल सुभेदार मुबारिझखानाला हरवून दख्खनचा धनी झालेला.

कोण कोण होणार, हे आम्ही चिठ्ठ्या टाकून ठरवतो. त्याशिवाय जमत नाही, कारण प्रत्येकाला बाजीरावच व्हायचं असतं. माझ्या चिठ्ठीत निजाम निघाला.

(दृश्य: स्वयंपाकघराचं बंद दार. दाराखालून एक चिठ्ठी आत सरकते.)

खेळणारे तीन खोल्यांत बसतात. बाजीराव आतल्या खोलीत, निजाम स्वयंपाकघरात आणि हॉलमध्ये मोठ्या नकाशाशी पंच. आमच्या पंच म्हणजे भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना बाई म्हणतो. माझ्याकडे फक्त एक छोटा नकाशा आणि पेन्सिल. हुकूम कागदावर लिहून मी दाराखालून सरकवतो. बाई तो वाचतात, सोंगट्या हलवतात, फासे टाकतात आणि माझ्या जासुदाला जे दिसलं असेल तेवढंच लिहून परत देतात. बातमी जुनी असू शकते, चुकीचीही असू शकते. डाव म्हणजे एक पाळी, मोहिमेतल्या तीन दिवसांची. तेवढ्यात नुसते स्वार पटावर अर्धा मीटर पुढे जातात. जड तोफा वीतभरही सरकत नाहीत. हे वेग आमचे आम्ही ठरवलेले आहेत, आणि त्यावरून भांडणं होतात.

बंद दार आणि पंच या कल्पनेला दोनशे वर्षं झाली. बुद्धिबळात समोरच्याचं सगळं दळ उघडं असतं: हत्ती, उंट, घोडे, प्यादी. प्रत्यक्ष लढाईत सेनापतीला टेकडीपलीकडचं काही दिसत नाही. प्रशिया या जर्मन राज्याच्या तोफखान्यातला एक तरुण लेफ्टनंट, गेओर्ग फॉन राइसविट्झ, याच अडचणीशी झुंजत होता. त्याच्या वडिलांनी प्रशियाच्या राजासाठी युद्धखेळाचं एक देखणं टेबल बनवलं होतं. मुलानं ते बाजूला ठेवून आठ हजारास एक प्रमाणाचा खरा नकाशा घेतला आणि १८२४ साली आपले नियम छापले. एक डाव दोन मिनिटांचा. दोन मिनिटांत पायदळ जेवढं चालेल तेवढाच धातूचा ठोकळा सरकायचा. तोफेच्या माऱ्यात किती माणसं पडतील ते फासे आणि कोष्टक सांगणार. हुकूम पंचाकडे लेखी द्यायचे.

सेनाप्रमुख म्युफ्लिंग हा खेळ बघायला आले. सुरुवातीला त्यांना फारसा रस नव्हता. खेळ रंगला तसे ते बदलत गेले, आणि शेवटी म्हणाले की हा खेळ नाहीच, हे युद्धाचं शिक्षण आहे. प्रशियाच्या सैन्यात ‘क्रीगश्पील’, म्हणजे युद्धखेळ, रुजला. राइसविट्झला मात्र त्याचं सुख मिळालं नाही. १८२७ साली त्यानं आत्महत्या केली. पंचाच्या चिठ्ठीची घडी उलगडताना मला त्याची आठवण होते.

(दृश्य: षट्कोनी घरांचा छापील पट. पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या.)

सैन्याबाहेर, घरातल्या जमिनीवर हा खेळ आणणाऱ्यांत कादंबरीकार एच. जी. वेल्स होते. १९१३ साली त्यांनी खेळण्यातले शिपाई आणि स्प्रिंगची तोफ घेऊन खेळायचे नियम प्रसिद्ध केले. दुकानातून विकत आणायचा पेटीबंद खेळ रुळवला अमेरिकेतल्या चार्ल्स रॉबर्ट्स यांनी. १९५४ मधल्या त्यांच्या पहिल्या खेळाच्या दोनेक हजार प्रती खपल्या. पुढे त्यांच्या अ‍ॅव्हलॉन हिल कंपनीनं पटावर षट्कोनी घरं आणली. चौकटीच्या पटावर तिरकं जाणारं सैन्य फुकटात जास्त अंतर कापतं. षट्कोनात सहाही शेजारी सारख्या अंतरावर असतात. आजही बहुतेक छापील पट षट्कोनीच आहेत. परदेशातून पेटी मागवायची तर डाकखर्च आणि जकात धरून महाग पडते, म्हणून आमच्यातले बरेच जण संगणकावरच्या व्हॅसल या मोफत प्रणालीवर खेळतात. न्यू जर्सीतला आमचा एक मित्र त्याच्या सकाळी आणि आमच्या संध्याकाळी खेळायला बसतो. तरीही बंद दार आणि चिठ्ठी यांची सर कशालाच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याला कारण ब्रिटनमधलं लिव्हरपूल बंदर. १९४२ च्या जानेवारीत कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स तिथं पोचले. क्षयामुळे नौदलातून निवृत्त व्हावं लागलेला हा अधिकारी. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या ब्रिटनची रसद बुडवत होत्या. रॉबर्ट्स यांनी एका खोलीच्या जमिनीवर चौकटी आखून घेतल्या आणि नौदलातल्या तरुण मुलींना हाताशी घेऊन लढाया पुन्हा मांडल्या. शिकायला आलेले अधिकारी कापडी पडद्यांच्या मागे बसायचे. पडद्याला भोक, त्यातून दिसेल तेवढंच त्यांचं जग. पाणबुडीचा मार्ग जमिनीवर हिरव्या खडूनं काढायचे, कारण तो रंग पडद्यामागून दिसत नसे. खेळता खेळता त्यांच्या लक्षात आलं की पाणबुड्या मागून येऊन थेट रसदीच्या जहाजांच्या ताफ्यात शिरतात आणि आतून मारा करतात. त्यावर उपाय त्याच जमिनीवर शोधला गेला आणि समुद्रावर धाडला गेला. युद्ध संपेपर्यंत हजारो अधिकारी त्या खोलीत शिकून गेले.

(दृश्य: पुन्हा स्वयंपाकघर. ओट्यावर छोटा नकाशा, पेन्सिल, चहाचा कप.)

आता माझा निजाम. पुण्यावर गेलेला निजाम परतताना पालखेडला कोंडला गेला, हे मला शाळेपासून ठाऊक होतं. म्हणून पहिल्या वेळी ठरवलं, पुण्याला जायचंच नाही. औरंगाबादेत तोफांसह घट्ट बसायचं. बाईंच्या चिठ्ठ्या येत गेल्या. जालन्याच्या बाजूला मराठे वसुली करताहेत. खानदेशात मराठे. माझा मुलूख उजाड होत होता आणि मी तटाआड शहाणपणानं बसलो होतो. खेळ संपला तेव्हा एकही लढाई न हरता मी हरलो होतो. ज्याला स्वतःच्या रयतेचं रक्षण करता येत नाही, त्याचा सुभा कसला?

दुसऱ्या वेळी पाठलाग केला. बुऱ्हाणपूरवर चाल होणार अशी बातमी आली, मी निघालो. पोचेपर्यंत बाजीराव गुजरातच्या दिशेनं गेलेला. माझे घोडे थकलेले, चंदी संपलेली. बाजीरावाच्या भूमिकेत होती माझ्या निम्म्या वयाची, कॉलेजात शिकणारी मुलगी. खेळ संपून पट उघडल्यावर ती म्हणाली, “काका, तुम्ही माझ्या मागे येत होतात तेव्हा मला कुठे जायचंय हेच ठरलेलं नव्हतं. तुम्ही जिकडे नाही तिकडे जायचं, एवढंच.”

ते ऐकून मी खूप वेळ नकाशाकडे बघत बसलो. आमच्या पाठ्यपुस्तकांतला निजाम पुण्यावर चालून जातो तो गर्विष्ठ म्हणून, आणि फसतो तो मूर्ख म्हणून. स्वयंपाकघरात बसल्यावर दिसलं, की पुण्यावर जाणं हीच त्याची सर्वात चांगली खेळी होती. जो हाताला लागत नाही त्याला परत फिरायला लावायचं तर त्याच्या घरावर जायचं. त्यानं पुणे घेतलं, कोल्हापूरच्या संभाजींना पुढे केलं. समोर दुसरा कोणीही असता तर तो धावत आला असता. बाजीराव पुण्याकडे आलाच नाही, तो औरंगाबादकडे वळला. निजामाला मूर्ख ठरवलं की बाजीरावाचं मोल आपणच कमी करतो. पुढे ब्रिटिश फील्ड मार्शल माँटगोमेरी यांनी युद्धाच्या इतिहासावर लिहिताना या मोहिमेची वाखाणणी केली, ती सैन्याच्या चपळ हालचालींचा उत्कृष्ट नमुना म्हणून.

(दृश्य: दुसरा नकाशा. यमुना, दिल्ली, कुंजपुरा, बागपत.)

पानिपत आम्ही एकदाच मांडलं. बाईंनी सुरुवात १४ जानेवारी १७६१ पासून केली नाही. त्यांनी ऑक्टोबर १७६० पासून केली. भाऊसाहेबांनी कुंजपुरा नुकता जिंकलाय, यमुनेला पाणी आहे, अब्दाली पलीकडच्या तीरावर आहे. प्रश्न एकच, नदी ओलांडता येईल अशा कोणत्या उतारावर किती चौकी ठेवायची. इतिहासात अब्दाली बागपतला नदी उतरला, हे भाऊसाहेब झालेल्या आमच्या मित्राला माहीत होतं, म्हणून त्यानं तिथं मोठी तुकडी ठेवली. अब्दाली झालेल्यानं दुसरा उतार शोधला. नदी लांब आणि सोंगट्या मोजक्या. सोबत बाजारबुणगे आणि यात्रेकरू यांची सोंगटी होती, ती कुठे ठेवायची हे कुणालाच सुचेना. रात्री उशिरा पट आवरला तेव्हा ती सोंगटी डब्यात टाकायला कुणी हात लावेना. शेवटी बाईंनी उचलली.

लोक विचारतात, युद्धाचा खेळ कसा करवतो? मला ती सोंगटी आठवते. इतिहासाच्या पुस्तकात मी ‘रसद तुटली’ हे दोन शब्द शेकडो वेळा वाचून पुढे गेलो असेन. पटावर तसं पुढे जाता येत नाही. दर डावाला दाणा वजा करावा लागतो, आपल्याच हातानं.

(दृश्य: स्वयंपाकघर. खिडकीबाहेर अंधार. चिठ्ठ्यांचा ढीग.)

तिसऱ्या वेळी मी पुण्याला गेलो. इतिहासात निजाम गेला तसाच, आणि त्याला वाटलं असेल तसंच वाटत होतं, की आता जमलं. मग चिठ्ठी आली. मराठे औरंगाबादच्या रोखानं. आता परत फिरायचं तर घाई हवी, आणि घाई करायची तर तोफा मागे ठेवायला हव्यात. निजामानं तोफा मागे सोडल्या हे वाचताना मी त्याला हसलो होतो. त्या रात्री मी स्वतःच लिहिलं: “जड तोफखाना मागून यावा.”

गोदावरी ओलांडली. वैजापूरच्या पूर्वेला, पालखेडला मुक्काम.

पुढची चिठ्ठी: “दाणावैरण आणायला कहीवर गेलेली माणसं परतली नाहीत.”

त्यापुढची: “पाण्याची वाट अडवलेली आहे.”

मी विचारलं, समोर किती फौज? बाईंचं उत्तर आलं, “चारी दिशांना स्वार दिसतात. किती, ते सांगता येत नाही.”

एकेका दिशेला तीन पथकं तरी असतील, असा मी हिशेब केला. म्हणजे बारा. तोफा असत्या तर वाट फोडता आली असती. दोन डाव तसाच बसून राहिलो. माणसांचं पाणी संपलं, मग जनावरांचं. १७२८ च्या फेब्रुवारीअखेर निजाम इथंच बसला होता, आणि ६ मार्चला मुंगी-शेवगावला तह झाला. मी कागद घेतला, “बोलणी करायची आहेत” असं लिहिलं आणि दाराखालून सरकवलं.

बाईंनी दार उघडलं. मी हॉलमध्ये आलो आणि त्या रात्री पहिल्यांदा सगळा पट बघितला. पालखेडभोवती बाजीरावाच्या पाच सोंगट्या होत्या. त्यातली एक उलटून पाहिली, तर खाली कोरी निघाली, म्हणजे नुसती हूल.

मला बारा वाटल्या होत्या.