पहिला पगार कितव्या वर्षी?

नमस्कार मंडळी. नीटचा रिझल्ट लागला की ठाण्यापासून पनवेलपर्यंत घराघरात एकच चर्चा, पोराला मेडिकलला घालायचं तर कुठल्या डिग्रीला, आणि पैसे आणायचे कुठून. मी वाशीला ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवते, त्यामुळे या दिवसांत माझ्या घरी पालकांची ये-जा चालूच असते, तेच आज सगळ्यांना एकदम सांगते.

आधी आपल्या भागाचं. कळव्याचं राजीव गांधी मेडिकल कॉलेज ठाणे महापालिकेचं, फी आवाक्यात पण मेरिट फार वर जातं. नेरूळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम ही डीम्ड, म्हणजे अभिमत विद्यापीठं, तिथे तुमच्या डोमिसाईलचा, म्हणजे राज्याच्या रहिवासी दाखल्याचा उपयोग नाही, देशभरातली मुलं येतात आणि एमबीबीएसची फी वर्षाला वीस लाखांच्या पुढे. 720 पैकी जे मार्क पडले त्यावरच बीडीएस (डेंटल), बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी) हेही मिळतं. बीएस्सी नर्सिंगची मात्र राज्याची वेगळी सीईटी असते, आणि तिचा फॉर्म नीटच्या रिझल्टच्या आधीच भरावा लागतो, हे कित्येक घरांत माहीतच नसतं.

आता ही नर्सिंगचीच गोष्ट ऐका, मी ती दरवर्षी वर्गात सांगते.

कोपरखैरण्याचं एक माथाडी कुटुंब, मूळचं पाटणकडचं. वडील एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला. मुलाला नीटला चारशेच्या थोडे वर मार्क. आणि वडिलांना कुठल्याशा एजंटचा फोन, की डीम्डमध्ये सीट पक्की करतो, आज दोन लाख टोकन द्या. गावची जमीन काढायचं घरात जवळजवळ ठरलं होतं. माझ्याकडे आले ते वडील, आई, मुलगा आणि काठी टेकत आजी. आजीला आदल्या वर्षी लकवा येऊन गेला होता, तरी ती हट्टाने रिक्षात बसून आलेली.

वडिलांच्या खिशात बाजाराची एक पट्टी होती, तिच्याच पाठीवर मी हिशोब मांडला. वर्षाला वीस धरले तरी साडेचार वर्षांचे नव्वद लाख, हॉस्टेल-मेस वेगळं. एक वर्ष इंटर्नशिप. एमबीबीएसवर थांबत कोण नाही, म्हणून नीट पीजी, मग एमडीची तीन वर्षं. म्हणजे बरी कमाई सुरू व्हायला पोरगा अठ्ठावीस-एकोणतीसचा. वडील पट्टीकडे नुसते बघत बसले.

तेवढ्यात आजी बोलली. "डागदर सकाळच्याला यायचा, कागद बघून जायचा. रातच्याला माजी कूस कोन बदलायचं? ह्यो आन त्यो दवाखान्यातला ब्रदर." मग मुलाने हळूच मोबाईल काढून दाखवला, नर्सिंग सीईटीचं स्कोअरकार्ड. पठ्ठ्याने घरात कुणाला न सांगता फॉर्म भरून परीक्षा दिली होती आणि मार्कही चांगले होते.

वडील म्हणाले, "पोरगा हाय, आन नर्स व्हनार?"

मुलगा काहीच बोलला नाही. आजीच उठली आणि माझ्या दिवाणावर आडवी झाली, म्हणाली, दाव रं ह्येला. मग त्याने दाखवलं, ब्रदरने त्याला शिकवलेलं. पलीकडचा गुडघा आधी वाकवायचा, लुळा हात अजिबात ओढायचा नाही, एक तळहात खांद्यामागे, एक कंबरेखाली, आणि पेशंटला आपल्या अंगाकडे घ्यायचं, पाठीतून नाही तर पायांतून जोर लावून. आजी अलगद कुशीवर वळली. वडील जवळ येऊन बघत होते, म्हणाले, "आमी पोतं असंच अंगासरशी घेतो, न्हाईतर कंबर जाती." बस, तिथेच ठरलं. एजंटचे फोन उचलायचे बंद झाले.

आज तो मुलगा आयसीयूत ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स आहे, बाविसाव्या वर्षी पहिला पगार घेतला, आता नॉरसेटची, म्हणजे एम्सच्या नर्सिंग भरती परीक्षेची तयारी करतोय, ती पास झाली की एम्समध्ये नर्सिंग ऑफिसर, मूळ पगारच 44,900 पासून, वर भत्ते. खाजगीत सुरुवातीला पगार फार कमी देतात आणि नाईट फार लावतात, हेही खरं, आणि हे बदललंच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. पाटणची जमीन मात्र आहे तशी आहे, तिच्यात भात होतो.

पुन्हा सांगते, लक्षात ठेवा, फी विचाराल तेव्हा त्याच दमात हेही विचारा की पहिला पगार कितव्या वर्षी. फिजिओथेरपीला विचारा, बीएएमएसला विचारा, एमबीबीएसलाही विचारा. ज्याला एमबीबीएसच हवंय आणि सरकारी किंवा महापालिकेच्या कॉलेजात मिळतंय त्याने डोळे झाकून घ्यावं, फक्त एक वर्षाचा बॉण्ड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा, त्या हिशोबात धरा.

आणि ते चौकाचौकातले टॉपर मुलांचे होर्डिंग, मला मनापासून वाटतं ते बंद व्हावेत. बाकीची पोरं रोज त्याखालून क्लासला जातात हो, त्यांना काय वाटत असेल. अकरावीपासून कॉलेजचं तोंड न बघता नुसत्या क्लासमध्ये बसणं तर मला मुळीच पटत नाही, बेडूक-झुरळ सोडा, मुलांनी साधा मायक्रोस्कोप धड हाताळलेला नसतो.

असो. एजंटचं एकदा स्पष्ट ऐका. एमबीबीएसची मॅनेजमेंट कोट्याची सीटसुद्धा नीटच्या मेरिटवर आणि काउन्सेलिंगच्या राऊंडमधूनच भरते, डीम्डची दिल्लीच्या एमसीसीकडून, म्हणजे मेडिकल काउन्सेलिंग कमिटीकडून, राज्यातली सीईटी सेलकडून. टोकन नावाचा प्रकारच नाही. कुणी मागितलं तर फोन ठेवा.

आणि ज्यांची मुलं आत्ता अकरावीला आहेत त्यांनी जात वैधतेचा अर्ज कॉलेजमार्फत याच वर्षी टाका, बारावीच्या रिझल्टनंतर धावपळ करून दाखला वेळेत हातात पडेलच असं नाही. डोमिसाईल काढून ठेवा. नॉन क्रीमीलेअरची मुदत 31 मार्चला संपते, जुनं दाखवून चालत नाही, ते बघा. नमस्कार.