एका घरात किती चुली?

(पहाट. वणी मागे टाकून सुरगाण्याकडे निघालेली जीप. काचेवर दव.)

मागच्या सीटवरच्या दोघींच्या मांडीवर प्रश्नावल्यांचा गठ्ठा आहे. कुटुंबविषयक धोरणांवर काम करणाऱ्या, नाशिकमधल्या एका धर्मादाय संस्थेच्या या कार्यकर्त्या.

(पाडा. सारवलेली ओटी.)

पहिलाच प्रश्न: घरात माणसं किती? २०११ च्या जनगणनेत एकत्र राहणारी आणि एकाच स्वयंपाकघरात जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. इथे थोरल्याचा गॅस वेगळा, धाकट्याची चूल वेगळी, नागलीच्या पिठाचा डबा मात्र एकच. आता हे घर एक की दोन? ताई घाईने खूण करत नाहीत. डबा कोण भरतं, ते आधी विचारतात.

त्यात हंगाम. ऑक्टोबरात द्राक्षांची गोडी छाटणी लागली की जोडपी दिंडोरी-निफाडच्या बागांवर जातात, पोरं आजीपाशी. कागदावर ही आजी 'अवलंबित', आणि घर चालवते तीच! म्हणून याच घरांत पावसाळ्यात पुन्हा जायचं. भात-नागलीच्या लावणीला सगळे परतलेले असतात. खर्च दुप्पट होतो, हे देणगीदारांच्या गळी उतरवणं सोपं नाही.

(जवळून: शाईचा अंगठा.)

संमतीपत्र आधी वाचून दाखवतात. नको तो प्रश्न सोडता येतो, हेही सांगतात. पुढच्या मुलाखतीला आमचा कॅमेरा बाहेरच थांबला.

(नाशिक. कार्यालय, दोन संगणक.)

इथे नावं जातात, क्रमांक उरतात. एकच फॉर्म दोघीजणी वेगवेगळा भरतात. आकडे जुळले नाहीत की मूळ कागद निघतो. पाडा लहान असेल तर नाव गाळूनही माणूस ओळखू येतो, त्यामुळे अहवालात फक्त तालुका.

(मसुद्याचं पान, समासात लाल शाई.)

छापण्याआधी मसुदा बाहेरच्या अभ्यासकांकडे जातो. एकीने समासात विचारलंय: स्थलांतरामुळे शाळा सुटली, की शाळाच लांब म्हणून पोराला सोबत नेलं? जमवलेल्या माहितीत याचं उत्तर नव्हतं. निष्कर्षातलं ते वाक्य काढलं गेलं, आणि ठसठशीत वाक्य काढायला जीवावर येतं.

अहवालाला प्रश्नावली जोडलेली असते, पैसा कुणाचा तेही छापलेलं असतं. मराठी सारांश ग्रामसभेत वाचला जातो.

(ग्रामसभा. पुढच्या रांगेत आज्या.)

एक प्रत जिल्हा परिषदेतही दिली आहे. बागांजवळ हंगामी पाळणाघरं हवीत, ही त्यातली मुख्य शिफारस. निर्णय व्हायचा आहे.