वैशाखातलं ऊन, भादव्यातलं ताट

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या घरात वैशाख कॅलेंडरच्या आधी नाकाला कळायचा. मोरीशेजारी घमेल्यात गहू भिजत पडलेले असायचे आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा आंबूस वास माजघरापर्यंत यायचा. पाहुणे नाक मुरडायचे. आम्हाला मात्र बरं वाटायचं, कारण आता कुरडया होणार.

मी लग्न होऊन फलटणला आले. सातारा जिल्ह्याची ही पूर्वेकडची, कमी पावसाची बाजू. तिकडे महाबळेश्वर पावसात बुडालेलं असतं आणि आम्ही ढगांकडे बघत बसलेलो. पण मे महिन्यात पारा चाळिशीला टेकला, की गच्चीवर पाय ठेववत नाही. वाळवणाला आणखी काय हवं?

तीन दिवस गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, पिळून चीक काढायचा. रात्रभरात तो खाली बसतो, सकाळी वरची निवळी ओतून टाकायची. हे सगळं सासूबाईंचं खातं. पहाटे साडेचारला चूल पेटायची. जितका चीक तितकं पाणी, त्यात मीठ, हिंग. उकळी आली की एकीनं चीक ओतायचा आणि दुसरीनं लाटण्यानं घोटत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच म्हणून समजा. मग ते गरम गरमच सोऱ्यात भरायचं, निवलं की सोऱ्या फिरत नाही. तिथे दीर लागायचे. एरवी जेवून उठताना स्वतःचा पेलाही न उचलणारे माझे दीर त्या दिवशी बनियनवर, गच्चीत उकिडवे बसून जुन्या धोतरावर कुरडया घालायचे. आणि त्यांच्या कुरडया माझ्यापेक्षा गोल यायच्या, हे मी आज पहिल्यांदाच चारचौघांत कबूल करतेय.

पोरांना वाटीत गरम चीक आणि वर तुपाची धार. उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या.

आणि राखणीला मामंजी. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते पेपर दोनदा वाचायचे आणि दुपारी चारला चहा झाला का, हे साडेतीनपासून विचारायचे. ज्याला काम नाही त्याला भरल्या घरात बसायला जागा सापडत नाही, असं माझं मत आहे. वाळवणाच्या त्या आठ-दहा दिवसांत मात्र काठी, छत्री आणि पाण्याचा तांब्या घेऊन त्यांची खुर्ची गच्चीच्या दाराशी पडायची. जेवायला हाक मारली तर वरून उत्तर यायचं, "ताट वर पाठवा. कावळे टपलेत."

एका वर्षी त्यांचा डोळा लागला आणि नेमका वळीव आला. आम्ही जिन्यावरून धावत पोचलो तोवर निम्म्या कुरडयांचा लगदा झाला होता. मामंजी भिजत उभे होते, हातात मिटलेली छत्री. कुणी काहीच बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पुन्हा दोन किलो गहू भिजत घातले आणि म्हणाल्या, "आता नीट राखा." मला वाटलं, टोचून बोलल्या. मग पत्र्याचा डबा उघडला तर त्यात मागच्या वर्षीच्याच शेरभर कुरडया शिल्लक होत्या. त्यांना ते ठाऊक नव्हतं, असं होणं शक्यच नाही.

सात-आठ जूनला मृग लागला की गच्ची बंद. आमच्याकडे पाऊस येवो न येवो, आषाढीच्या साधारण आठवडाभर आधी लोणंद, तरडगाव करत माउलींची पालखी फलटणला येते. त्या रात्री घरात वारकरी, पिठलं-भाकरी आणि दोरीवर कुणाकुणाची ओली धोतरं. बाकी पावसाळ्याचं मला फारसं कौतुक नाही. कपडे वाळत नाहीत, मीठ पाझरतं.

भादव्यात गौरी जेवायच्या दिवशी पुरणपोळीच्या ताटात डावीकडे कुरडई वाढली जायची आणि मामंजी शेजारच्या पाहुण्याला हटकून सांगायचे, "घरची आहे. मी स्वतः राखलीय." राखलीय म्हणायचे, केलीय नाही. माणूस हिशोबाचा पक्का.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी. घेवडा निवडायला तेच बसायचे. दोऱ्या निघायच्या नाहीत नीट, मी गुपचूप पुन्हा निवडायची.

आता मी कुरडया बचत गटातून आणते. चांगल्या असतात. पहाटे साडेचारला उठायची मला हौस नाही, तेव्हा उगाच गहिवर काढणार नाही.

मामंजी माघात गेले. त्या वर्षी घरात सणवार नव्हता, त्यामुळे डबा कुणी उघडलाच नाही. वैशाखात एका मंगळवारी, ना सण ना पाहुणे, सासूबाईंनी तो खाली काढला. तळाशी पंधरा-वीस कुरडया आणि थोडा चुरा. मी म्हटलं, "आई, जुन्या झाल्या असतील." त्यांनी एक मोडून वास घेतला. कढई ठेवली. तेल तापल्यावर एक कुरडई सोडली. ती क्षणभर तळाशी गेली, मग वर येऊन फुलत फुलत कढईभर झाली.

"ऊन चांगलं लागलं होतं," त्या म्हणाल्या आणि दुसरी सोडली.